तेरा वाव पाण्याखालची पट्टी

सोमवार, १२ जानेवारी १९८७. पौष शुद्ध त्रयोदशी. सकाळी थंडी, मतलई वारा. दुपारी यशोदा आली. डोक्यावर टोपली नव्हती. पडवीत बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, वास्कोला पत्र लिहून द्या. तिचा मामेभाऊ शिवा तिथल्या बंदरात हवेचे सिलिंडर पाठीला बांधून बोटींच्या तळाखाली काम करतो. त्याला सिलिंडरांसकट देवबागेत आणायचा आहे. पत्र लिहून टपालात टाकले. कामाची दुर्गा माहेरी गेली, म्हणून भांडी मी घासली.

माझ्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. त्याला का आणायचे हे मी लिहिले नाही, कारण विचारलेच नव्हते. विचारायची गरज नव्हती.

यशोदा देवबागची. अकरा वर्षे ती मालवणात माझ्या दारात मासळी आणत होती. बारा किलोमीटर, अर्धे पायी आणि अर्धे मिळेल त्या गाडीने. तिची रीत अशी की गिऱ्हाइकाने मासा निवडायचा नाही. ती देईल तो घ्यायचा, आणि तो कधी वाईट निघाला नाही. आमच्या आळीत एकीने एकदा तिच्या सुरमईचा वास घेऊन नाक मुरडले होते. त्याला आठ वर्षे झाली. त्या घरावरून यशोदा रोज जाते, आरोळीही देते, पण त्या दारात टोपली उतरवत नाही. ती बाई एकदा माझ्याकडे रदबदली करायला आली. मी यशोदेला तसे सांगितले, तर म्हणाली, "बाई, तेंच्या घरात पावणो येवंदे, नायतर लगीन होवंदे. माझ्या हातचो मासो त्या चुलीर चढूचो नाय."

अशा बाईचा नवरा मारला गेला होता.

सत्यवान, तिचा नवरा, ऑक्टोबरात पहाटे एकटाच होडी घेऊन गेला. होडीला नुकतेच छोटे इंजिन बसवले होते. त्यांच्या घराण्याचे समुद्रात एक खडप आहे, पाण्याखालचा मोठा खडक. तिथे मासा हमखास असतो. ते कुठे आहे हे घरातल्या पुरुषांखेरीज कोणाला माहीत नसते. सत्यवान तिथेच नांगर टाकून बसला होता. सकाळी त्याचा धाकटा भाऊ विश्राम शोधायला गेला तेव्हा पाण्यावर डिझेलचा तवंग आणि जाळ्याचे चार बुचे तरंगत होते. तिसऱ्या दिवशी सत्यवान भोगव्याच्या किनाऱ्याला लागला.

होडी बुडाली त्याच सकाळी महादूशेटचा ट्रॉलर खाडीत आला तो नाक फुटलेला. महादूशेटने सांगितले, धक्क्याला आपटला. कुठल्या धक्क्याला, हे कोणी विचारले नाही. देवबागेतली निम्मी घरे त्याच्या ट्रॉलरवर नाहीतर त्याच्या बर्फाच्या गाडीवर जेवत होती. माणूस तसा गोड बोलणारा. देवळाला फरशी त्याने घातली, शाळेतल्या पोरांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचा. पंचनाम्यात त्याने जबाब दिला की, सत्यवान होडीवर कंदील लावत नसे, अंधारात खडकावर गेला असणार.

"कंदील माझ्या हातान भरलंय मी," यशोदा पंचांना म्हणाली. "वात कापलंय. काच पुसलंय."

पंचांनी ते लिहिले नाही.

तेराव्याला महादूशेटने तांदळाचे पोते आणि एक लुगडे पाठवले. यशोदेने पोते आत घेतले नाही, परतही केले नाही. पायरीशेजारी तसेच ठेवले. आल्यागेल्याला दिसे. त्यात पोरकिडे झाले, उंदरांनी कोपरा फाडला, कोंबड्या दाणे टिपू लागल्या. तीन मुलांची आई होती ती, आणि घरात पेजेला तांदूळ उसना येत होता.

मी बेळगावच्या कॉन्व्हेंटात शिकले. क्षमेची प्रार्थना रोज संध्याकाळी म्हणावी लागे. ती मला अजून पाठ आहे. पण त्या दिवशी पत्र लिहिताना माझा हात अडखळला नाही. तळाशी गेलेल्या होडीवर ट्रॉलरची खूण शोधायची आणि त्या माणसाला आपले खोटे मागे घ्यायला लावायचे, हे मलाही यशोदेइतकेच हवे होते.

शिवाचे उत्तर आठ दिवसांनी आले. माणूस मोजके बोलणारा असावा. त्याने लिहिले होते: दोन सिलिंडर मिळतील, एखाद्या शुक्रवारची एकच रजा मिळेल, आदल्या दिवशी दुपारी सुटता येईल. पाणी तेरा वाव, म्हणजे ऐंशीएक फूट, असेल तर एक सिलिंडर वीस मिनिटे पुरेल, फार तर बावीस. पहिल्यांदा वर आल्यावर दोन तास थांबल्याशिवाय दुसऱ्यांदा उतरणार नाही, कोणी कितीही सांगितले तरी. घड्याळ असलेले आणि मिनिटे लिहून ठेवणारे एक माणूस होडीत हवे. सिलिंडर एसटीत घेत नाहीत, त्यांना उन्हात ठेवायचे नाही, आपटायचे नाही. गाडी तुम्ही बघा.

गाडी बघायची म्हणजे टॅक्सी नव्हे. पैशांची बाब मी काढली तेव्हा यशोदा तडकलीच. "सूड माझो आसा. तेचो खर्च दुसऱ्यान कित्याक करूचो?" तिने सुके बांगडे कुडाळच्या बाजारात विकून जमवले होते तेवढ्यात सगळे बसवायचे होते.

मग आम्ही दोघींनी बेत आखला. शाळेच्या वहीचे एक पान घेऊन मी लिहीत होते आणि ती सांगत होती. पहिली गोष्ट दिवस. उधाणाच्या दिवसांत पाणी गढूळ आणि ओढ जोराची. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा समुद्र नरम पडतो आणि तळ दिसतो. यशोदेला लिहिता येत नाही, पण तिथीवरून पाणी कधी चढेल, कधी उतरेल हे ती बोटांच्या पेरांवर मोजते. माघ शुद्ध अष्टमी शुक्रवारी, सहा फेब्रुवारीला येत होती. शिवाची रजा त्याच दिवशी टाकायला कळवले.

दुसरी गोष्ट गाडी. भाई टेंपोवाला आठवड्यातून दोनदा मालवणची मासळी मडगावला नेतो आणि रिकामा परततो. बुधवारी त्याच्याबरोबर जायचे. कुडाळ, सावंतवाडी, बांदा, म्हापसा. मांडवीवरचा पूल पावसाळ्यात पडला होता, म्हणून बेतीला फेरीबोटीची रांग धरून एक तास जास्त. पुढे जुवारीच्या पुलापलीकडे कुठ्ठाळीला उतरायचे आणि बसने वास्को. मुक्काम शिवाच्या खोलीवर. जेवण हॉटेलात नाही: तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदे, नारळाच्या दोन वाट्या. गुरुवारी दुपारी भाई मासळी टाकून परतताना कुठ्ठाळीच्या नाक्यावर आम्हाला उचलणार. सिलिंडर ठेवायला काथ्याची पोती आणि ओले किंतान.

भाईला यशोदेने विचारले, किती घेशील? तो म्हणाला, "सत्यवान माझ्या वर्गात होतो. चौथीत. तू डिझेलात अर्धी भर, आणि महादूशेटाक माझा नाव सांगा नको."

"सांगाक व्हया तर मी माझाच सांगतलंय," यशोदा म्हणाली.

वास्कोला मी कशाला गेले, असे माझी जाऊ सरला अजून विचारते. अडुसष्टाव्या वर्षी मासळीच्या टेंपोत! मिनिटे लिहिणारे माणूस हवे होते, आणि यशोदेच्या ओळखीत मनगटावर घड्याळ बांधणारी दुसरी कोणी नव्हती. शिवाने ते घड्याळ आधी पाहिले, त्याच्या घड्याळाशी रात्रभर लावून ठेवले आणि सकाळी म्हणाला, "चालतलां."

त्याची बायको सुशीला. तिने आम्हाला बिछाना दिला आणि स्वतः मुलांजवळ झोपली. निघताना यशोदेला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्या घोवाक वर धाडून दी हां, बाये. तुझो गेलो म्हणान माझो जावक नये." यशोदेने तिच्या दोन्ही पोरांच्या डोक्यावर हात ठेवला. 

परतताना हद्दीवरच्या नाक्यावर टेंपो अडवला. गोव्याहून येणाऱ्या प्रत्येक रिकाम्या गाडीत तिथे दारू शोधतात. शिपायाने किंतान उचलले आणि दोन पिवळे सिलिंडर पाहून त्याचे डोळे चमकले.

"ह्यात काय आसा?"

"हवा," शिवा म्हणाला.

"हवा? गोंयातून मालवणाक हवा हाडतास? मालवणात वारो सरलो काय रे?"

मागून दुसरा म्हणाला, "उघड. सोरो आसतलो. ह्यो नवीन प्रकार आसा."

शिवाने हात जोडले. "साहेब, उघडली तर उडून जाईल. मोजून आणलीय." त्याने शिपायांसाठी शुद्ध मराठी काढली होती, पण उपयोग झाला नाही. मी उतरून त्यांना शिवाचे पत्र दाखवले, घडले ते सांगितले. पहिला शिपाई जरा वरमला. दुसऱ्याचे समाधान होईना. शेवटी शिवाने एका सिलिंडरची चावी फिरवली. फुसकारा एवढा मोठा झाला की शिपाई दोन पावले मागे सरला. त्याने वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. "नुसतो वारो!" तो फसवला गेल्यासारखा म्हणाला. चावी बंद करेपर्यंत बरीच हवा गेली होती. शिवाने काटा पाहिला. वीस मिनिटांची आता बारा राहिली होती.

यशोदा टेंपोत बसून होती. "हीपण महादूच्या खात्यार," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी देवबागच्या किनाऱ्यावरून विश्रामची होडी पाण्यात ढकलली. होडीत विश्राम, शिवा, यशोदा आणि मी. बाई होडीत बसून मासेमारीच्या पाण्यात गेलेली तिथे कोणी पाहिली नव्हती, इथे तर दोन विधवा. किनाऱ्यावरची माणसे जाळी विणायची थांबून बघत राहिली. विश्रामचा चेहरा सकाळपासून उतरलेला होता. मला वाटले, भावाच्या आठवणीने.

समुद्रात जागा कशी सापडते हे मी त्या दिवशी पाहिले. पाण्यावर खूण नसते, ती किनाऱ्यावर असते. एका बाजूला दोन वस्तू एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या बाजूला आणखी दोन, आणि त्या दोन रेषा जिथे कापतात तिथे नांगर टाकायचा. विश्रामने मान वळवून दोन्हीकडे पाहिले, डोळे बारीक केले आणि नांगराचा दगड सोडला. शिवा दोरी धरून उतरला. मी लिहिले: नऊ वाजून चार मिनिटे.

नऊ चोविसाला मी दोरी ओढली. तो हळूहळू वर आला, तोंडातली नळी काढली आणि म्हणाला, "वाळू. नुसती वाळू. खडक नायच."

 होडी हलत होती. यशोदा किनाऱ्याकडे बघत होती, मग डोंगराकडे, मग पुन्हा किनाऱ्याकडे. बराच वेळ. नंतर ती विश्रामकडे वळली.

"भावजी, खंय हाडलास आमका?"

"हयच. दादा हयच येय."

"देवळाचो कळस चिंचेच्या उजव्या अंगाक व्हयो. आता डाव्या अंगाक आसा."

विश्रामचे तोंड पांढरे पडले. "तुका कोणी सांगल्यान?"

"ज्येचा खडप, तेना."

त्या घरात बायकोला खूण सांगत नाहीत. बाप मुलाला सांगतो, तीही होडीत बसवून, जमिनीवर नाही. परक्याने विचारले तर चुकीची सांगायची ही शिकवणच असते, आणि परका बरोबर असेल त्या दिवशी खडपावर जायचेच नाही. विश्रामने भावाच्या मारेकऱ्याला वाचवायला काही केले नव्हते. त्याने फक्त बापाची शिकवण पाळली होती. त्याने हाताने दाखवले: लांब, एकमेकांपासून अंतर ठेवून, तीन होड्या उभ्या होत्या. त्यातली एक महादूशेटच्या मेहुण्याची.

"ते काय बगतंत, वयनी? शिवाक? तुका? नांगर खंय पडता तां बगतंत! आज थंय गेलंव तर उद्या सगळो गाव थंय. दादा गेलो तो काय परत येवचो नाय. तुझी तीन पोरां, माझी दोन. त्या खडपार जगतंत. बुडलल्या होडीचा लोखंड खातलंस काय तू?"

"खातलंय," यशोदा म्हणाली.

"आणि पोरांक काय घालतलंस?"

"तेंका सांगतलंय, तुमच्या बापाशीन कंदील लावललो."

"कंदील! कंदील!" विश्रामने वल्हे आपटले. "सगळ्या गावाक ठावक आसा कंदील होतो म्हणान!"

"मगे गावान सांगाक व्हया होता."

दोन तास शिवाला थांबायचेच होते. ते दोन तास या भांडणात गेले. मध्ये एकदा यशोदेने चौघांना पेज वाढली, विश्रामलाही. त्याने घेतली, खाल्ली आणि पुन्हा भांडू लागला. शेवटी तो म्हणाला, मी होडी वल्हवणार नाही. यशोदा उठली, दुसरे वल्हे घेतले आणि मोठ्याने, पाण्यावरून पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात खुणा बोलू लागली: "कळस चिंचेच्या उजव्या अंगाक! किल्ल्याचो बुरूज खडकाच्या टोकार!"

विश्रामने दोन्ही हातांनी कान झाकले. झाकून काय उपयोग होता? त्याला खुणा माहीतच होत्या, आणि ज्यांना माहीत नव्हत्या त्यांचे कान उघडे होते. थोड्या वेळाने त्याने वल्हे तिच्या हातातून घेतले. "बस खाली," तो म्हणाला. "होडी फिरता गोल. वल्हवूक येना नाय तुका."

अकरा वाजून एकतीस मिनिटे. बारा मिनिटांची हवा. आठव्या मिनिटाला दोरी दोनदा हलली, म्हणजे काहीतरी बांधून वर सोडत होता. अकराव्या मिनिटाला मी ओढली. तो आला नाही. बाराव्याला पुन्हा ओढली. विश्राम सदरा काढून उडी मारायच्या तयारीत उभा. यशोदा सुशीलाचे नाव पुटपुटत होती. तेरा मिनिटे आणि थोडे वर झाल्यावर शिवाचे डोके आले, ओठ निळे. बराच वेळ तो होडीच्या काठाला धरून खोकत राहिला.

मग म्हणाला, "होडी दगडाक उभी टेकली आसा. खालची बाजू साफ आसा, ओरखडोसुद्धा नाय. फुटली आसा ती वरसून, कुशीत. आणि ही तेच्यात घुसलली होती."

दोरीच्या टोकाला हातभर लांबीची लोखंडी पट्टी होती, वाकलेली, टोकाला तीन भोके. ट्रॉलरच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उभ्या लाकडावर, ठोकतात ती. भोकांच्या कडेला हिरवा रंग शिल्लक होता. यशोदेने ती मांडीवर घेतली. रडेल असे वाटले होते. तिने पट्टीला चिकटलेले कालव नखाने खरवडून काढले आणि समुद्रात टाकले.

शनिवारी बाबा मेस्त्री, ज्यांचा लोहारकामाचा भाता आमच्या आळीच्या टोकाला आहे, माझ्या पडवीत येऊन पट्टी पाहून गेले. भोकांवरून अंगठा फिरवला. "माझ्या हातची," ते म्हणाले. "मधला भोक तिरक्या गेला म्हणान महादूशेटान मजुरी कापललीन. पण बाई, मी कोणाकडे बोलूचंय नाय." ते खरोखर कोणाकडे बोलले नाहीत, फक्त घरी बायकोला सांगितले. हौसाबाईने दिवेलागणीपर्यंत ते बाजारभर केले. रविवारी देवबागेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

मी पोलिसांत अर्ज दिला, इंग्रजीत आणि मराठीत. पोच मिळाली. यशोदेने पोच घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवली आणि विचारले, "ह्याका किती वर्सां लागतली?" मी सांगितले, बरीच. ती म्हणाली, "मगे तां तुमी बगा. मी देवाकडे जातंय."

त्याच संध्याकाळी महादूशेट तिच्या दाराशी आला होता. पायरीजवळच्या पोत्याकडे न बघता म्हणाला, "यशोदे, घरात बसान बोलूया."

"माझ्या घोवाबद्दल तू पंचांपुढे भायर बोललंस. आता आत कित्याक?"

देवबागेत माघी पौर्णिमेला ग्रामदेवतेपुढे सगळा गाव जमतो आणि मानकरी गाऱ्हाणे घालतो. गावचा कोणीही नारळ घेऊन उभा राहिला की त्याचे म्हणणे मानकऱ्याने देवाला सांगायचेच असते, नाही म्हणता येत नाही. आणि प्रत्येक वाक्याला तिथे असलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे असते. जो म्हणत नाही तो त्या म्हणण्याच्या विरुद्ध उभा राहिला, असे समजतात.

महादूशेटसमोर तीन वाटा होत्या. न येणे म्हणजे कबुली. येऊन गप्प राहणे म्हणजे कबुली. तिसरी, येऊन गावाबरोबर होकार देणे. तो आला, आणि नेहमीप्रमाणे पुढे उभा राहिला, त्याने घातलेल्या फरशीवर.

मी बायकांच्या बाजूला खांबाजवळ होते. यशोदेने नारळ ठेवला, फडक्यातून पट्टी काढून नारळाशेजारी ठेवली आणि देवाकडे तोंड करून हात जोडले. मानकऱ्याला तिने सगळे आधी पढवले होते. म्हातारा घामाघूम झाला होता, पण आवाज खणखणीत.

"बा देवा म्हाराजा, तुझी लेक सत्यवानाची यशोदा तुझ्या पायाकडे इली आसा."

"व्हय म्हाराजा!"

"सत्यवानान कंदील लावललो."

 मग विश्रामचा आवाज आला, एकट्याचा, आणि त्याच्यामागून सगळ्यांचा. "व्हय म्हाराजा!"

"ही पट्टी ज्या नाळेची, त्या नाळेन तेची होडी फोडली."

"व्हय म्हाराजा!"

"त्या नाळेक दर्यान जागा देव नये. ज्येची ती नाळ, तेका बुडताना कोणी हात देव नये. जो तिच्यार पाय ठेवतलो, तेका तूच बगून घे."

आता गाव देवाकडे बघत नव्हता. दीडदोनशे माणसे महादूशेटकडे बघत होती. कोणी पहिले बोलेना.

"व्हय म्हाराजा," महादूशेट म्हणाला.

मग गाव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याच्या ट्रॉलरवर सात खलाशांपैकी तिघेच आले. मालकाने स्वतःच्या तोंडाने जिच्या बुडण्याला होकार दिला, त्या बोटीवर कोण चढणार? सोमवारी तेही आले नाहीत. शिमग्यानंतर त्याने रत्नागिरीहून माणसे आणली. त्यांना चहाच्या दुकानात आठ दिवसांत सगळे कळले आणि तीही गेली. ट्रॉलर खाडीत बांधून पडला. पावसाळ्यात त्याच्या फळ्या उघडल्या. यशोदा मासळीची टोपली घेऊन निघायची ती वाट वाकडी करून तिथून यायची. माझ्या पडवीत टोपली उतरवता उतरवता सांगायची, आज इतके पाणी आत होते, आज बगळा बसला होता, आज मागची कड सुटली.

विश्राम म्हणाला होता तेही झाले. गाऱ्हाण्याच्या आधीच त्या खडपावर सहा होड्या गेल्या होत्या; एप्रिलपर्यंत तिथे मासा उरला नाही. विश्राम रत्नागिरीला एका बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. त्याची बायको सुभद्रा यशोदेच्या घरचे पाणी पीत नाही. यशोदेची टोपली हलकी झाली. पूर्वी तिच्यात सुरमई असायची, आता बरेचदा तारले आणि मोदके, असली स्वस्तातली मासळी. तिचा थोरला शाळा सोडून जाळी ओढायला जातो. हे सगळे तिला माहीत आहे. ते मी तिला कधी बोलून दाखवले नाही, आणि बेत आखताना माझाही हात त्या वहीवर होता हेही विसरलेले नाही.

ऑक्टोबरात सत्यवानाचे वर्षश्राद्ध झाले. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी विचारले, "यशोदे, कधी पस्तावा होतो का गं?"

ती मासे निवडत होती. "होता," म्हणाली. "एकच."

"कसला?"

"तेना 'व्हय म्हाराजा' म्हटल्यान ना, तेव्हा माझा तोंड देवाकडे होता. तेचा तोंड माका दिसलाच नाय." तिने हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. अकरा वर्षांत ती अशी निवांत कधी बसली नव्हती. "बाई, तुमी खांबाकडे होतात. तुमी बगितलास. सांगा."

मी सांगितले. बोलण्याआधी त्याने दोनदा आवंढा गिळला. कपाळ कोरडे होते, पण वरच्या ओठावर घाम होता. शब्द आला तेव्हा मान हलली नाही, फक्त हनुवटी थरथरली, आणि बोलून झाल्यावरही तोंड उघडेच राहिले. त्याचा धाकटा मुलगा शेजारी होता, त्याने बापाचा हात धरला होता, तो त्याने सोडवून घेतला.

"पोरान सोडल्यान काय तेना?"

"त्याने सोडवून घेतला. पोराने नाही."

"आणि वट? वट पांढरे पडले?"

"राखेसारखे."

"परत सांगा," यशोदा म्हणाली. "सुरवातीपासून. सावकाश."

मी परत सांगितले. काही वगळले नाही.

संध्याकाळी रोजनिशीत लिहिले: पाट्यावरवंट्याला टाकी लावून घेतली. वाटण आता बारीक होते.